रोबोट येईल तेव्हा येईल, स्लॅबवरचं घमेलं आधीच गेलं

अमेरिकेतल्या कुठल्यातरी उतरत्या छपरावर एक यंत्र आपलं आपण सरकतंय, ठाक ठाक करत तुकडे बसवत चाललंय आणि आसपास माणूस नाही, असे व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर येऊन पडतात. खाली ओळ ठरलेली: आता मजुरांचं काय होणार? सोलापुरात ते बघून दोन तऱ्हेची मतं ऐकू येतात. काही म्हणतात, 'आपल्याकडे हे यायला अजून पन्नास वर्षं.' काही म्हणतात, 'गेलं, सगळ्यांचं काम गेलं.' मला दोन्ही पटत नाहीत. दोघंही रोबोटकडेच बघताहेत, त्याच्या पायाखालच्या छपराकडे कोणी बघत नाही. कोणाचं काम जाणार आणि कोणाचं राहणार हे रोबोटपेक्षा छपरावरून जास्त कळतं.

आधी एक शब्द समजून घेऊ. ऑटोमेशन म्हणजे काम यंत्राने आपलं आपण करणं. माणूस बटण दाबतो, पुढचं कधी, किती, कुठे हे यंत्र ठरवतं. त्या हिशोबाने काँक्रीटचा पंप किंवा मिक्सर ऑटोमेशनमध्ये बसत नाही, कारण तो चालवायला माणूस लागतो. पण ज्याची हजेरी बुडते त्याला या बारकाव्याशी काय देणंघेणं? म्हणून पुढे मी दोन्ही एकत्रच धरलं आहे.

त्यांचं छप्पर आणि आपलं छप्पर

त्या व्हिडिओतली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची असतात. छपराला दोन्हीकडे उतार आणि त्यावर डांबरी तुकड्यांच्या ओळी. या तुकड्यांना शिंगल म्हणतात. एक शिंगल दुसऱ्यासारखी, ओळ सरळ, खालून वर एकाच क्रमाने जायचं, ठरलेल्या जागी खिळा. अमेरिकेतल्या रेनोव्हेट रोबोटिक्स या कंपनीने शिंगल बसवणारा रोबोट तयार करायला घेतला, तो अशा छपरासाठी. काम कंटाळवाणं आणि एकसारखं असलं की यंत्राला ते आवडतं.

आता सोलापूर बघा. जुन्या पेठांतल्या वाड्यांवर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडवर सिमेंटचे नाहीतर लोखंडी पत्रे. जुळे सोलापूर आणि होटगी रोडकडे आरसीसी स्लॅब. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रंगीत पत्र्यांची लांबच लांब शेडं. वस्त्यांमध्ये पत्रा, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. 'छप्पर घालणारा' असा एक कामगार इथे नसतोच. सेंट्रिंगवाले, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा लावणारे, वेगळे, सळई बांधणारे वेगळे, गवंडी वेगळा, बिगारी वेगळे, पत्रे मारणारा फॅब्रिकेटर वेगळा, गळती काढणारा वॉटरप्रूफिंगवाला आणखी वेगळा. त्यामुळे 'छपराचं काम जाणार का?' या प्रश्नाला उत्तर नाही. यातलं कोणाचं, हे विचारावं लागतं.

यंत्राला छप्पर जड का जातं

२०१३ साली ऑक्सफर्डच्या कार्ल बेनेडिक्ट फ्रे आणि मायकल ऑस्बर्न यांनी ७०२ व्यवसायांची यादी करून अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना संगणकीकरणाचा मोठा धोका आहे असं मांडलं. छपरावर काम करणारेही त्यात जास्त धोक्याच्या गटात होते. ते भाकीत बातम्यांमध्ये खूप गाजलं. एवढी वर्षं उलटली, तरी अमेरिकेतली छपरं आजही माणसंच घालताहेत.

असं का, याचं उत्तर रोबोटशास्त्रज्ञ हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच देऊन ठेवलं होतं. जे माणसाला अवघड वाटतं, म्हणजे आकडेमोड, बुद्धिबळ, ते यंत्राला सोपं जातं. जे दोन वर्षांच्या पोरालाही जमतं, म्हणजे तोल सांभाळून चालणं, वस्तू ओळखून नीट धरणं, ते यंत्राला महाकठीण. सळयांच्या जाळीवर पाय ठेवत, खांद्यावर ओझं घेऊन, दुसऱ्याला धक्का न लावता चालणारा बिगारी जे करतो ते आपण 'अकुशल काम' म्हणून कागदावर लिहितो. रोबोट बनवणाऱ्याला विचारा, तो या कामाला अकुशल म्हणणार नाही.

सळया बांधणारा रोबोट अमेरिकेत आहे. पिट्सबर्गच्या अॅडव्हान्स्ड कन्स्ट्रक्शन रोबोटिक्स कंपनीचा टायबॉट पुलाच्या सपाट पृष्ठभागावर दोन्ही कडांच्या आधाराने सरकतो आणि सळयांच्या प्रत्येक छेदावर तार गुंडाळत जातो. पूल लांब असतो, सपाट असतो, जाळी एकसारखी असते. तोच टायबॉट सोलापुरातल्या शेळगीतल्या दहा ब्रासच्या, म्हणजे हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर आणून ठेवला तर? संडास-बाथरूमपाशी स्लॅब खाली उतरतो, जिन्यापाशी तो अडतो, बीममध्ये सळया दाटीवाटीने बसतात आणि मालकाने काल रात्री ठरवलेलं असतं की बाल्कनी दीड फूट पुढे काढू. तिथे टायबॉट काय करणार!

मग यंत्र येणारच नाही का? येतं, पण वेगळ्या वाटेने. भाकरीचं उदाहरण घ्या. तुमच्या घरात येऊन, तुमच्या परातीत, कधी ओलसर तर कधी जुन्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापून चुलीवर टाकेल असं यंत्र कोणी बनवलं नाही. पण एका जागी, एकाच दळणाच्या पिठाच्या, एकाच मापाच्या कडक भाकऱ्या करून पाकिटात भरता येतात आणि त्या पुण्या-मुंबईपर्यंत जातात. ज्या घरात पाकीट आलं त्या घरातली परात त्या दिवशी फळीवरच राहिली. यंत्र स्वयंपाकघरात शिरलंच नाही, काम तेवढं स्वयंपाकघरातून उठून गेलं.

छपराचंही असंच होतं. रोबोट छपरावर चढत नाही. छप्परच बदलून असं केलं जातं की त्याचा मोठा भाग दुसरीकडे तयार व्हावा आणि जागेवर नुसता बसवावा.

माळवद कोणी संपवलं?

हे पहिल्यांदा घडतंय असं मुळीच नाही. पाऊस कमी आणि ऊन फार, म्हणून सोलापूर, धाराशिव, लातूर, विजापूर या पट्ट्यात माळवदाची घरं रुजली. खाली लाकडी तुळया, त्यावर आडव्या फळ्या किंवा काड्या, त्यावर पाल्याचा थर आणि वर जाड पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा राही. पण दर वर्षी मृगाच्या आधी वर चढून नवी माती टाकायची, उगवलेलं गवत उपटायचं, पाणी निघून जाईल असा उतार धरायचा आणि पन्हळी मोकळ्या करायच्या. हे जाणणारी माणसं गावोगाव होती आणि त्यांना हंगामी का होईना, खात्रीचं काम होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडी भिंती आणि वरची जड माती अंगावर येऊन हजारो माणसं गेली. त्यानंतर या भागात माळवदाखाली झोपायची भीती बसली. स्लॅबची हौस तर आधीपासून होतीच, आणि ज्यांना स्लॅब परवडला नाही त्यांनी पत्रा घातला. एका पिढीत ते काम आटलं. आज जुन्या वाड्याचं माळवद दुरुस्त करायचं म्हटलं तर माती मिळते, माणूस मिळत नाही. यात रोबोटचा काडीचाही संबंध नव्हता. छप्पर बदललं आणि त्याच्यासोबत त्यावर पोट असलेली माणसंही बदलली.

दहा ब्रासच्या स्लॅबचा हिशोब

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एक हजार चौरस फूट म्हणजे दहा ब्रासचा, पाच इंची स्लॅब धरा. बीम सोडून नुसत्या स्लॅबचं काँक्रीट होतं साधारण ४१७ घनफूट, म्हणजे बारा घनमीटरला थोडं कमी. वजन अठ्ठावीस टनांच्या आसपास. एका घमेल्यात वीस किलो माल धरला तर झाली चौदाशे घमेली.

पूर्वी ही चौदाशे घमेली माणसं वर चढवायची. खाली माल कालवणारे, मग जिन्यावर, मचाणावर उभी असलेली रांग आणि वर माल पसरणारे गवंडी. त्या रांगेत बायका जास्त. डोक्यावर चुंबळ, तळहाताला घट्टे. एकच रांग असेल तर त्यातल्या प्रत्येक बाईच्या हातातून सगळी चौदाशे घमेली जाणार, म्हणजे प्रत्येकीने दिवसभरात अठ्ठावीस टन माल झेलून पुढे दिला. दोन रांगा असतील तर चौदा टन. स्लॅब संपला की नारळ फुटायचा, मालक जेवण द्यायचा. लोक त्या जेवणाची आठवण काढतात. त्या बायकांच्या खांद्यांची आठवण कोणी काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग लिफ्टचा मिक्सर आला. मिक्सरलाच जोडलेली बादली वर चढते, त्यामुळे जिन्यावरची रांग संपली. आता रेडी मिक्स काँक्रीट आणि बूम पंप आला. काँक्रीट प्लांटमध्ये संगणकाच्या मापाने कालवलं जातं, गोल फिरणाऱ्या गाडीतून येतं आणि पंपाच्या लांब हातातून थेट स्लॅबवर पडतं. एका गाडीत सहा घनमीटर धरले तर आपला दहा ब्रासचा स्लॅब दोन गाड्यांत बसतो, बीम धरून तिसरी. पूर्वी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालणारं काम न्याहारी ते जेवण एवढ्या वेळात आटोपतं. वर राहतात पाइपाचं तोंड धरणारा, व्हायब्रेटर चालवणारा, पाटा मारून लेव्हल करणारे दोन-तीन गवंडी आणि खोरं घेतलेले एक-दोघं.

घर जमिनीवरून स्लॅबपर्यंत येताना किती कामं होतात ते बघा. सेंट्रिंग लावणं, सळई बांधणं, विजेचे पाइप टाकणं, काँक्रीट ओतणं, पाणी मारणं, सेंट्रिंग खोलणं. पंपाने यातलं एकच काम घेतलं. सेंट्रिंगवाल्याच्या पोटाला त्याने धक्का लावला नाही, सळईवाल्याच्याही नाही. पण सगळ्यात जास्त माणसं लागायची ती याच एका कामाला, आणि बायकांना मिळायचं ते काम मुख्यतः हेच. एखाद्या यंत्राने 'सहापैकी एक काम' घेतलं असं ऐकलं की फार काही झालं नाही असं वाटतं. त्या एका कामावर कोण उभं होतं, हे विचारल्याशिवाय तो आकडा फसवतो.

पाणी मारणं मात्र अजून माणसाकडेच आहे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओल हवी, कोरड्या आणि उष्ण हवेत किमान दहा. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या घरात जाणाऱ्या आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात स्लॅबवर वाफे बांधून पाणी टिकवणं ही कसरत आहे. त्याच मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवस ठेवायला सांगितले आहेत. यंत्र कितीही वेगाने ओतू दे, सिमेंट आपल्याच वेगाने घट्ट होतं.

पत्र्याच्या शेडवर

इथे बदल जास्त शांतपणे झाला. पूर्वी यंत्रमागाचं शेड उभं करायचं म्हणजे लोखंडी अँगल आणून, कापून, जागेवरच वेल्डिंग करून कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, बनवायच्या, दोरखंडाने वर चढवायच्या, पत्र्याला भोकं पाडून जे-बोल्ट घालायचे, त्याखाली डांबरी वायसर. आठवडेच्या आठवडे काम. आता मोठ्या शेडचा सगळा सांगाडा दुसऱ्या गावच्या कारखान्यात कापून, भोकं पाडून, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकून ट्रकमधून येतो. याला प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग म्हणतात. इथे क्रेन लागते आणि नट आवळायला माणसं. पत्राही हव्या त्या लांबीचा येतो आणि स्वतःच भोक पाडणारा स्क्रू बॅटरीच्या ड्रिलने काही सेकंदांत बसतो.

काही गोदामांवर कैचीच नसलेली कमानी छपरं दिसतात. तिथे पत्र्याचं भेंडोळं आणि यंत्र दोन्ही जागेवर आणतात. एका बाजूने सपाट पत्रा आत जातो, दुसऱ्या बाजूने पन्हळ पडून वाकून बाहेर येतो. मग दोन पत्र्यांच्या कडा एकात एक दुमडायला एक छोटं यंत्र कडेवर बसवतात आणि ते शिवण घालत आपलं आपण पुढे चालत जातं. खरं सांगायचं तर छपरावरचा रोबोट तो हाच. त्याला हातपाय नाहीत, चेहरा नाही, म्हणून त्याचा व्हिडिओ कोणी पुढे पाठवत नाही.

यात फटका बसला तो गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानाला. घराच्या गच्चीवरचं छोटं शेड, दुकानापुढचा पत्रा, गोठा ही कामं अजून त्याच्याकडे येतात. पण मोठ्या शेडचं काम गेलं की सोबत शिकाऊ पोरांची जागाही जाते. वेल्डिंग अशाच दुकानात शिकलेली पिढी या शहरात आहे, पुढची कुठे शिकणार, माहीत नाही.

'इतकी महाग यंत्रं सोलापुरात परवडतात कोणाला?'

हा आक्षेप हमखास येतो आणि निम्मा खरा आहे. यंत्र परवडतं की नाही हे त्याच्या किमतीवर ठरत नाही, ते एकसारखं काम किती वेळा मिळतं यावर ठरतं. अॅल्युमिनियमचे साचे घ्या. बांधकामवाले त्याला मिवान म्हणतात, ते मूळ एका कंपनीचं नाव. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतायचा हा साचा महाग पडतो, पण शंभराहून जास्त वेळा वापरता येतो. कुंभारीचं रे नगर आठवा. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत, त्यातली पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला लाभार्थ्यांना मिळाली. एकसारखी घरं इतक्या मोठ्या संख्येने एका जागी असतील तिथे असल्या साच्याचा खर्च निघतो. मजरेवाडीतल्या एकट्या बंगल्याला तो कधीच परवडणार नाही, कारण शेजारचा बंगला वेगळा असतो आणि मालकाच्या मेहुण्याने सुचवलेली कमान त्याहून वेगळी.

दुसरी निम्मी बाजू अशी की यंत्र विकत घ्यावंच लागत नाही. बूम पंप भाड्याने येतो, क्रेन तासावर मिळते. ठेकेदार हिशोब एवढाच करतो: रांगेतल्या माणसांची हजेरी, त्यांना गोळा करून आणायचा टेम्पो, चहा-नाश्ता, आणि ऐनवेळी निम्मी आली नाहीत तर वाया जाणारा दिवस, हे सगळं एका बाजूला, पंपाचं भाडं दुसऱ्या बाजूला. ज्या दिवशी दुसरी बाजू हलकी होते त्या दिवशी तो पंपवाल्याला फोन लावतो. मोठ्या शहरात हा दिवस आधी आला, सोलापुरात बऱ्याच साइटवर येऊन गेला, तालुक्याच्या गावांत येतो आहे.

अडतं ते गल्लीत. जिथे पंपाची गाडी वळत नाही, वरून विजेच्या तारा गेल्यात, तिथे लिफ्टचा मिक्सर आणि माणसं अजून लागतात. आपल्या पेठांच्या अरुंद बोळांनी कितीतरी हजेऱ्या वाचवल्या आहेत. नगररचनेच्या पुस्तकात हे लिहिलेलं सापडणार नाही.

'पण मजूर मिळतच नाहीत, त्याचं काय?'

हेही खरं आहे. सोलापूरचा तरुण पुण्याला जातो हे वेगळं सांगायला नको. उन्हातान्हात घमेलं उचलायला पोरं तयार नाहीत, आणि का असावीत? ऊसतोडीत हार्वेस्टर दिसू लागला त्यामागेही हेच एक कारण आहे. तोडणीला टोळ्या मिळेनात, कारखान्याला ऊस वेळेवर हवा.

पण 'मजूर मिळत नाहीत' यात कोण मिळत नाही ते नीट बघावं. पंचवीस वर्षांचा सेंट्रिंगवाला मिळत नाही. सळई वाचता येणारा, नकाशा कळणारा मिळत नाही. चाळिशी-पन्नाशीतली बिगारी बाई मात्र सकाळी नाक्यावर उभी असते आणि दहा वाजता काम न मिळता परत जाते. टंचाई एका माणसाची आणि यंत्र येतं दुसऱ्याच्या जागी. पुण्याला गेलेल्या पोरामुळे पंप आला, आणि पंपामुळे त्याच्या आईचा खाडा झाला.

'जीव धोक्यात घालण्यापेक्षा यंत्र बरं'

या मुद्द्यावर मी यंत्राच्या बाजूने आहे. अमेरिकेत छपरावरचं काम सगळ्यात जीवघेण्या धंद्यांत मोजलं जातं. तिथल्या सरकारी आकड्यांप्रमाणे अलीकडच्या वर्षांत एक लाख छप्परकामगारांमागे पन्नासहून जास्त मृत्यू नोंदले गेले, सगळ्या कामगारांची सरासरी मात्र चारच्या आत. आपल्याकडे जुना सिमेंटचा पत्रा हा मोठा दगाबाज. वरून धडधाकट दिसतो, पाय दिला की फुटतो आणि माणूस सरळ खाली मागांवर. आडवी फळी टाकून तिच्यावरून चालायचं, कमरेला दोर बांधायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. 'पाचच मिनिटांचं काम आहे' म्हणून ते राहून जातं.

कुठे फुटलंय, कुठून गळतंय हे बघायला माणूस वर चढवायची आता गरज नाही. स्वामित्व योजनेत गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन उडाले ते आपल्या गावांनीही पाहिले आहेत. तसाच ड्रोन शेडवर फिरवला तर दहा मिनिटांत फोटो हातात येतो. यात कोणाची हजेरी गेली तर खुशाल जाऊ द्यावी. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून भेगा शोधायला लावणं हा काही रोजगार नव्हे.

फक्त पंप आला म्हणजे धोका संपला असं समजू नये. पाइपात अडकलेली हवा किंवा माल एकदम सुटला की तोंड धरणाऱ्याला तो पाइप फटका मारतो, आणि पंपाचा हात विजेच्या तारेला लागला तर खालच्या माणसांचंही काही खरं नाही.

'यंत्रं आली की नवी कामंही येतात'

येतात. यंत्रमाग आला तेव्हा सोलापुरातलं कापड संपलं नाही, उलट वाढलं. पण हातमागावर बसणाऱ्याचं त्या वाढीत काय झालं हे पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारावं. नवं काम येतं ते त्याच माणसाकडे येईल असा काही नियम नाही.

छपरावर नवं काम दिसतं ते सौरऊर्जेचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं उद्दिष्ट एक कोटी घरांचं आहे आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सोलापुरात ऊन काही कमी पडणार नाही. पण हे काम वायरमनकी शिकलेल्या, आयटीआय केलेल्या पोराकडे जातं. पॅनेलचे पाय ठोकताना चांगल्या स्लॅबला भोकं पाडून ठेवतात आणि पुढच्या पावसाळ्यात वॉटरप्रूफिंगवाल्याला काम मिळतं, ते वेगळंच.

माझ्या मते हाताला सगळ्यात जास्त दिवस टिकेल ते दुरुस्तीचं काम. तीस-चाळीस वर्षांपूर्वी घाईने टाकलेले स्लॅब आता खालून फुगायला लागले आहेत. आत सळई गंजते, गंजून जाड होते, काँक्रीटचे पापुद्रे पाडते. ते ठोकून काढायचं, सळई घासायची, रसायन लावायचं, पुन्हा भरायचं. प्रत्येक स्लॅबचं दुखणं निराळं, म्हणून यंत्राला इथे शिरकाव नाही. गच्चीवर कोबा घालणं, चायना चिप्स (फुटक्या टाइलचे तुकडे) बसवणं, उन्हाळ्याआधी पांढरा उष्णतारोधक रंग मारणं हीदेखील हातानेच होणारी कामं आहेत, आणि त्यात अठ्ठावीस टन उचलावे लागत नाहीत. चार-पाच बिगारी बायकांनी मिळून गच्च्यांच्या रंगाचं आणि वॉटरप्रूफिंगचं काम उक्तं अंगावर घेतलं तर? बचत गटाने शेंगाचटणीच कुटावी असं कुठे लिहून ठेवलं आहे?

नव्वद दिवसांचा दाखला

शेवटी एक कागदी गोष्ट, कारण पंपाचा खरा फटका तिथे बसतो आणि तो दिसतही नाही. १९९६ च्या कायद्यांनी सुरू केल्याप्रमाणे बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो, आपल्याकडे एक टक्का. त्या पैशातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या कामगारांना मुलांच्या शिक्षणासाठी, बाळंतपणासाठी, आजारपणात, अपघातात मदत देतं. नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावं लागतं आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. तो ठेकेदाराकडून मिळतो, किंवा ग्रामसेवक, महापालिका यांच्याकडून. पुढे नोंदणीचं नूतनीकरणही करत राहावं लागतं.

आता पंप आलेल्या साइटचा विचार करा. पंपाचं भाडं बांधकामाच्या खर्चातच मोजलं जातं, त्यामुळे उपकर पूर्वीसारखाच जमा होतो. पण तिथे बाईची हजेरीच लागली नाही, म्हणून तिच्या दाखल्यातला एक दिवस कमी झाला. असे वर्षभर कमी होत होत ती नव्वदच्या खाली आली की नोंदणी अडते, आणि अडते ती नेमकी काम आटल्याच्या वर्षी. यंत्रामुळे दिवस कमी झालेल्या जुन्या नोंदणीदारांना या अटीत काही वर्षांची सवलत मिळावी, ही मागणी कामगार संघटनांनी करण्याजोगी आहे. पैसा त्याच स्लॅबवरून येतो आहे.

ती सवलत मिळेपर्यंत हातात असलेलं साधन म्हणजे एक वही. ज्या दिवशी काम केलं त्या दिवशीची तारीख, साइटचा पत्ता, ठेकेदाराचं नाव आणि त्याची सही, तीही हजेरीचे पैसे हातात पडतानाच. वर्षअखेरीला दाखला मागायला गेल्यावर 'तू कधी होतीस माझ्याकडे?' असं विचारणारा ठेकेदार त्या वहीपुढे गप्प बसतो. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला रोज संध्याकाळी दोन ओळी लिहायला सांगावं.